टेपवर बॅकअप घेताना मध्येच एरर, आणि पूर्ण झालेल्या टेपही डिस्कशी जुळत नाहीत (एलटीओ-६, डेबियन)

दप्तरखाना

नमस्कार मंडळी. कोकणातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाचं डिजिटायझेशनचं काम मी पाहते. स्थानिक साप्ताहिकं, मोडी कागद, संस्थेची इतिवृत्तं असं सगळं टिफ फाइलींमध्ये स्कॅन होतंय. आत्तापर्यंत साधारण १४ टीबी झालं. मूळ कागदांपैकी बरेचसे इतके ठिसूळ झालेत की ते पुन्हा स्कॅनरवर ठेवता येणार नाहीत. त्यामुळे बॅकअपच्या बाबतीत मला तडजोड नको आहे.

सामग्री अशी: असेंबल केलेला डेस्कटॉप (हाच आमचा सर्व्हर), डेबियन (लिनक्स), १६ जीबी साधी रॅम (स्वतःच्या चुका पकडणारी ईसीसी नाही), चार डिस्कचा रेड (एकत्र जोडलेल्या डिस्क), ड्राइव्ह जोडायचं एलएसआयचं सास कार्ड आणि वापरलेला घेतलेला बाहेरचा एलटीओ-६ (सहाव्या पिढीचा) टेप ड्राइव्ह. कार्ट्रिज सगळी नवी. टारने (फाइली एकत्र बांधून टेपवर लिहिणारा प्रोग्राम) लिहिते, ब्लॉक, म्हणजे एका वेळी लिहायचा तुकडा, २५६ केबीचा.

अडचणी दोन आहेत.

एक, लिहिता लिहिता टार थांबतो आणि 'इनपुट-आउटपुट एरर' देतो. कधी २०० जीबीनंतर, कधी दीड टीबीनंतर. ठरावीक जागा नाही.

दोन, आणि झोप उडवणारी ही आहे: ज्या टेप बिनतक्रार पूर्ण झाल्या, त्या टारच्या तुलना करायच्या पर्यायाने तपासल्या तर मोजक्या फाइलींवर 'कंटेंट्स डिफर' (मजकूर वेगळा) येतं. ड्राइव्हची काही तक्रार नाही, लॉगमध्ये काही नाही. स्कॅन एकदा ठेवल्यावर त्याला कोणी हात लावत नाही, तेव्हा फाइल मध्येच बदलली असंही नाही.

विक्रेता म्हणतो क्लीनिंग कार्ट्रिज फिरवत राहा. फिरवलं. फरक नाही. कुठून सुरुवात करू?

ढगवासी

एवढा त्रास काढण्यापेक्षा सरळ क्लाउडवर टाका. टेप आता कोण वापरतं?

दप्तरखाना

आमच्याकडे अपलोड २० एमबीपीएस मिळतं, तेही चांगल्या दिवशी. १४ टीबी त्या वेगाने अखंड चढवायचं तर ६५ दिवस लागतात आणि पावसाळ्यात इथे लाइन अखंड राहत नाही. शिवाय दर महिन्याचं भाडं देणगीवर चालणाऱ्या संस्थेला कायमचं मागे लागतं. टेप एकदा घेतली की घेतली.

निवृत्त_ईडीपी

टेप कोण वापरतं? २०११ च्या फेब्रुवारीत जीमेलच्या एका सॉफ्टवेअर दोषामुळे सुमारे ०.०२ टक्के लोकांच्या मेलपेट्या रिकाम्या दिसू लागल्या. वेगवेगळ्या डेटा सेंटरमधल्या प्रतींनाही तोच दोष लागला होता. गूगलने ते मेल परत आणले ते टेपवरून, कारण टेप ऑनलाइन नव्हती आणि म्हणून त्या दोषाच्या हाती लागली नाही. ताई, तुमचा निर्णय योग्य आहे, त्यावर ठाम राहा.

हिंजवडीची_पाळी

ताई, आधी एक गोष्ट पक्की करू या. तुमच्या दोन अडचणी हे दोन वेगळे आजार आहेत. एकाच औषधाने दोन्ही बरे करायला गेलात तर महिनोन्‌महिने जातील.

पहिल्या अडचणीत कोणीतरी स्पष्ट सांगतंय की मला लिहिता आलं नाही. दुसऱ्या अडचणीत सगळे म्हणतायत सगळं ठीक आहे, आणि डेटा मात्र वेगळा आहे. एलटीओ ड्राइव्ह लिहिलेलं लगेच मागच्या हेडने वाचून पाहतो. पटलं नाही तर तोच भाग टेपवर पुढे पुन्हा लिहितो. वर रीड-सोलोमन दुरुस्ती संकेतांचे दोन थर असतात. एवढं असताना टेपने चुकीचा डेटा 'बरोबर आहे' म्हणून परत देणं जवळजवळ अशक्य. टेप खराब असेल तर ती एरर देईल, गुपचूप खोटं देणार नाही.

सास केबलचंही तसंच. डेटाच्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे फ्रेमला, सीआरसी हा पडताळणीचा आकडा असतो. केबल खराब असेल तर फ्रेम नाकारली जाते, कमांड रद्द होते, लॉगमध्ये आरडाओरडा होतो. एखादा बाइट शांतपणे बदलत नाही.

म्हणजे दुसऱ्या अडचणीचं मूळ टेपच्या अलीकडे आहे. माझा संशय रॅमवर आहे, पण आधी पुरावा.

पहिलीसाठी हे पाठवा:

डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या नोंदवहीत) एररच्या वेळच्या ओळी. त्यात 'सेन्स की', म्हणजे ड्राइव्हने सांगितलेलं एररचं कारण, काय म्हणते ते सगळ्यात महत्त्वाचं. 'मीडियम एरर' म्हणजे टेप किंवा हेड. 'हार्डवेअर एरर' म्हणजे ड्राइव्ह. 'ॲबॉर्टेड कमांड' आणि आजूबाजूला रिसेटच्या ओळी असतील तर केबल, कार्ड किंवा वीजपुरवठा.

एसजी-लॉग्ज (ड्राइव्हच्या नोंदी वाचणारा प्रोग्राम) वापरून टेपअलर्टचं, म्हणजे ड्राइव्हच्या इशाऱ्यांचं, पान (२ई). त्यात ६४ झेंडे असतात. २० क्रमांकाचा वर असेल तर ड्राइव्ह स्वतः 'आत्ता साफ करा' म्हणतोय. तो खाली असताना क्लीनिंग कार्ट्रिज फिरवत बसू नका. ती टेप मुद्दाम खरखरीत केलेली असते, हेड झिजवते. एक कार्ट्रिज साधारण ५० वेळा चालतं म्हणून ते ५० वेळा वापरायलाच हवं असं नाही.

सिस फाइलसिस्टममध्ये सास-फाय नावाचं फोल्डर आहे, तिथले 'इनव्हॅलिड ड्वर्ड' आणि 'लॉस ऑफ ड्वर्ड सिंक' हे आकडे. केबलवरचा सिग्नल किती वेळा बिघडला ते त्यातून कळतं. बॅकअप सुरू करायच्या आधी एकदा, एरर आल्यावर एकदा.

रशेसवाली

मी पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये आहे, शूटिंगचे रशेस (कच्चं चित्रीकरण) एलटीओवर ठेवणं हे रोजचं काम. ताई, एक विचारते: लिहिताना ड्राइव्हचा आवाज सलग येतो की दर काही सेकंदांनी थांबून मागे गेल्यासारखा?

एलटीओ-६ चा स्वतःचा वेग १६० एमबी प्रति सेकंद आहे. डिस्ककडून माल कमी वेगाने आला तर ड्राइव्ह टेपचा वेग काही मर्यादेपर्यंत उतरवतो, त्याखाली गेला की थांबतो, टेप मागे घेतो, पुन्हा धाव घेतो. याला शू-शायनिंग म्हणतात आणि टेप व हेड दोन्हीसाठी हे वाईट. मुळात एलटीओ-६ ची टेप पूर्ण भरायला १३६ वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे जाते. त्यात ही ये-जा भरली तर झीज कितीतरी वाढते.

उपाय: टार आणि टेपच्या मध्ये एम-बफर (डेटा रॅममध्ये साठवून सलग पुढे देणारा प्रोग्राम) लावा, ४ जीबीचा, आणि तो ८० टक्के भरल्याशिवाय टेपवर लिहायला सुरुवात करू नये असं सांगा. आमच्याकडे हे लावल्यापासून नव्या कार्ट्रिजवर लिहिण्याचे एरर क्वचितच येतात.

दप्तरखाना

रशेसवाली, थांबून मागे जाणारा आवाज बरोबर ओळखलात! लहान फाइलींच्या फोल्डरवर फार होतं. एम-बफर आजच लावते.

हिंजवडी, हा घ्या तपशील. बहुतेक एररच्या वेळी सेन्स की 'ॲबॉर्टेड कमांड' आहे आणि त्याच्या आधी सास कार्डाच्या ड्रायव्हरची डिव्हाइस रिसेटची ओळ. फक्त एका कार्ट्रिजवर 'मीडियम एरर', पुढे '०सी ००, राइट एरर', आणि त्या एका कार्ट्रिजवर मात्र जागा दर वेळी जवळपास तीच. टेपअलर्टचा २० नंबर खाली. इनव्हॅलिड ड्वर्डचा आकडा आधी शून्य होता, एररनंतर काही हजारांवर.

हिंजवडीची_पाळी

छान, आता चित्र सुटं होतंय.

केबल. शून्यावरून हजारांवर जाणारा आकडा दुसरं काही सांगत नाही. एसएफएफ-८०८८ ची केबल असेल तर दोन्ही टोकं काढून डबी आतून पाहा. तुमच्याकडची हवा खारट आहे, संपर्कांवर हिरवट थर दिसतो का? शक्य असेल तर नवी एक मीटरची केबल घ्या, लांब नको. नव्या केबलवर आकडा शून्यावरच राहिला तर हा विषय संपला.

आणि ते एक कार्ट्रिज बाजूला ठेवा. जागा ठरलेली असणं हे टेपच्या कडेला इजा झाल्याचं लक्षण असू शकतं. टेप जेमतेम सहा-साडेसहा मायक्रॉन जाडीची असते, कार्ट्रिज उंचावरून पडलं तर आतली गुंडाळी एका बाजूला सरकते आणि कड दुमडते. वाहतुकीत काय झालं ते तुम्हाला कळणारही नाही. दुसऱ्या ड्राइव्हवर तपासायला मिळालं तर उत्तम, नाहीतर वॉरंटीत परत करा. ज्या कार्ट्रिजबद्दल मनात शंका आहे त्यावर इतिवृत्तं ठेवू नका.

आता दुसरा आजार. न जुळणारी एक फाइल टेपवरून वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. तिचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा, काढा. मशीन रीस्टार्ट करून टेपवरून पुन्हा काढा, पुन्हा एसएचए काढा. डिस्कवरच्या मूळ फाइलचंही असंच दोनदा. रीस्टार्ट यासाठी की दुसऱ्या वेळी कर्नलने आठवणीतून, म्हणजे पेज कॅशेतून, उत्तर देऊ नये.

मग सीएमपी या प्रोग्रामने दोन्ही फाइली बाइटगणिक ताडून पाहा, सगळे फरक छापायला सांगा. तीन स्तंभ येतील: बाइटचा क्रमांक, आणि दोन्हीकडच्या किमती अष्टमान पद्धतीत. ते इथे टाका.

निवृत्त_ईडीपी

यात एक भर. बँकेत आम्ही डॅट टेप वापरायचो तेव्हा एक अनुभव वारंवार यायचा: हेड जरा तिरकं झालेला ड्राइव्ह स्वतः लिहिलेलं स्वतः व्यवस्थित वाचायचा आणि दुसऱ्या शाखेच्या ड्राइव्हवर तीच टेप कोरी असल्यासारखी वागायची. एलटीओमध्ये टेपवर कारखान्यातच सर्व्हो पट्टे लिहिलेले असतात, हेड त्यांच्या आधाराने चालतं, त्यामुळे तो धोका पुष्कळ कमी आहे. तरीही किमान एक टेप दुसऱ्या कुठल्या तरी एलटीओ-६ किंवा एलटीओ-७ ड्राइव्हवर वाचून पाहा. तुमचा वापरलेला ड्राइव्ह एक दिवस बंद पडेल, तेव्हा त्या टेप परक्या ड्राइव्हवरच वाचायच्या आहेत.

दप्तरखाना

काका, कोल्हापूरच्या एका संस्थेत एलटीओ-७ आहे, त्यांना विचारलंय.

केबलचा निकाल: जुन्या केबलच्या एका टोकाला खरंच हिरवट थर होता. नवी केबल, एम-बफर, आणि एक अख्खं कार्ट्रिज एकाही एररशिवाय भरलं. ड्वर्डचा आकडा शून्य. आवाजही सलग.

पण त्याच कार्ट्रिजची तुलना केली तर पुन्हा दोन फाइली वेगळ्या. हिंजवडीने सांगितल्याप्रमाणे केलं. टेपवरून दोनदा काढलेल्या प्रतीचा एसएचए दोन्ही वेळा तोच. डिस्कवरच्या फाइलचाही दोन्ही वेळा तोच. पण एकमेकांशी वेगळे. सीएमपीचं उत्तर असं (आधी डिस्क, मग टेप):

पहिली फाइल: ४०९६२७४२, १४१, १४५
दुसरी फाइल: ११०५९८८३८, ३२२, ३२६

प्रत्येक फाइलीत फक्त एकच बाइट! २०० एमबीच्या फाइलीत एक बाइट.

हिंजवडीची_पाळी

ताई, यापेक्षा सुंदर पुरावा मिळणार नाही. हळूहळू बघा.

टेपवरची प्रत दोनदा तीच आली, म्हणजे वाचताना गडबड नाही. टेपवर चुकीचंच लिहिलं गेलं आणि ते चुकीचं टेपने इमानाने जपलं.

१४१ चं १४५, ३२२ चं ३२६. दोन्हीकडे बरोबर ४ ने जास्त, म्हणजे एकच बिट, दोन्ही वेळा तोच, आणि दोन्ही वेळा ० चा १ झालेला.

आता क्रमांक. सीएमपी १ पासून मोजतो म्हणून एक वजा करा: ४०९६२७४१ आणि ११०५९८८३७. दोन्हींना ४०९६ ने भागा. बाकी दोन्हीकडे २७४१. लिनक्स फाइल वाचताना ४०९६ बाइटच्या पानांमध्ये रॅमवर ठेवतो. फाइल कुठलीही असो, पानातली जागा तीच आणि बिट तोच, याचा अर्थ रॅमच्या चिपवरची एक पेशी कायम १ वर अडकली आहे. त्या पानात तुमच्या फाइलीचा तुकडा पडला आणि तिथे ० असायला हवा होता की चूक. तिथे मुळात १ च असेल तर काहीच कळत नाही, म्हणून इतक्या कमी फाइली सापडतात.

टारच्या भरवशावर राहू नका, टार फक्त फाइलीच्या शीर्षकाचा चेकसम ठेवतो, आतल्या मजकुराचा नाही.

मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) पेन ड्राइव्हवरून चालवा, रात्रभर. दोन रॅमच्या पट्ट्या असतील तर नंतर एकेक काढून.

दप्तरखाना

मेमटेस्टला लाल ओळी. पट्ट्या वेगळ्या करून पाहिल्या, एकाच पट्टीत दोष आहे आणि पत्त्याचे शेवटचे आकडे तुम्ही काढलेल्या २७४१ शी जुळतात. हात जोडते तुम्हाला. पट्टी काढून टाकली, उरलेल्या एका पट्टीवर पुन्हा मेमटेस्ट लावला, तो स्वच्छ.

आता सगळ्या टेप नव्याने लिहायला घेते.

रशेसवाली

ताई, थांबा! टेप लिहायच्या आधी.

ते स्कॅन सर्व्हरच्या डिस्कवर आले कसे? लॅपटॉपवरून किंवा पोर्टेबल डिस्कवरून कॉपी करून ना? म्हणजे येतानाही ते याच रॅममधून गेले. तुम्ही टेपची तुलना सर्व्हरच्या डिस्कशी करताय आणि डिस्कला बरोबर धरताय. पण काही फाइली डिस्कवर उतरतानाच बिघडल्या असतील तर टेपशी त्या छान जुळतील, आणि तुम्हाला कधीच कळणार नाही.

आमच्याकडे कॅमेऱ्याच्या कार्डवरून क्लिप उतरवतानाच प्रत्येकीचा चेकसम काढून यादी ठेवतात, एमएचएल म्हणतात. पुढे डिस्क, टेप, कुठेही गेली की त्या पहिल्या यादीशीच ताडायची. कॉपीची कॉपीशी तुलना आम्ही धरत नाही.

निवृत्त_ईडीपी

अगदी बरोबर. ग्रंथालयं-अभिलेखागारांत यासाठी बॅगइट नावाची पद्धत आहे: फोल्डरमध्ये फाइली आणि त्यांच्या चेकसमची यादी एकत्रच फिरते. फुकट साधनं मिळतात. स्कॅन करणाऱ्या मुलांना शिकवायला अर्धा तास पुरतो.

दप्तरखाना

रशेसवाली, हे वाचून धडधडायला लागलं, पण सांगितलंत ते फार बरं झालं.

स्कॅनिंगच्या पोर्टेबल डिस्का बहुतेक अजून कपाटात आहेत. त्या दुसऱ्याच, धड मशीनला लावून एसएचएच्या याद्या काढल्या आणि सर्व्हरशी ताडल्या. सर्व्हरवर खरंच काही फाइली वेगळ्या निघाल्या. बाकी २७४१, फरक ४. त्या पोर्टेबलवरून परत आणल्या आणि पुन्हा ताडल्या.

प्रश्न उरतो तो सुरुवातीच्या साप्ताहिकांचा. त्या डिस्का पुसून परत वापरल्या गेल्यात, त्यांची दुसरी प्रत नाही. त्यातलं काय बिघडलं ते शोधायचा काही मार्ग आहे का? आणि ते कागद तर आता उलगडतही नाहीत.

हिंजवडीची_पाळी

कुठली फाइल ते खात्रीने शोधता येणार नाही. पण घाबरण्यासारखं कमी आहे. तुमच्या टिफ बिनसंकुचित आहेत ना? तसं असेल तर एका बिटाचा अर्थ एका ठिपक्याच्या एका रंगात २५५ पैकी ४ चा फरक. डोळ्याला दिसणार नाही, मजकूर वाचायला काहीही बाधा नाही. एलझेडडब्ल्यू किंवा जेपेग संकोचन असतं तर त्या जागेपासून पुढचा पट्टा बिघडू शकला असता.

काळजी फक्त शीर्षकाची. फाइलीच्या शीर्षक भागात तो बिट बसला असेल तर फाइल उघडणार नाही किंवा रुंदी-उंची वेडीवाकडी दाखवेल. ते शोधणं सोपं: सगळ्या सुरुवातीच्या टिफ एकदा आपोआप उघडून पाहणारी स्क्रिप्ट चालवा, ज्या तक्रार करतील त्या हाताने बघा.

दप्तरखाना

बिनसंकुचितच आहेत. स्क्रिप्ट चालवली, सगळ्या उघडल्या, मोजमापंही ठीक. त्या साप्ताहिकांच्या आजच्या स्थितीचा चेकसम काढून ठेवला, यादीच्या वर तशी नोंद केली.

आता ईसीसी रॅम चालेल असा बोर्ड घ्यायचं समितीने मान्य केलं. तो आल्यावर टेप लिहिणार. एका संचाला सहा कार्ट्रिज लागतील. डब्यावर ६.२५ टीबी छापलंय ते अडीचपट संकोचन धरून, आमच्या स्कॅनना २.५ च धरते. दोन संच, एक इथे, एक कोल्हापुरात.

टेप ठेवण्याबद्दल सांगा. इथे जुलैत भिंतीला हात लावला तर ओला होतो.

रशेसवाली

दीर्घकाळ ठेवायच्या टेपला १६ ते २५ अंश आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितलेली असते. कोकणात पावसाळ्यात ते एसीशिवाय जमणार नाही, म्हणून घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रतामापक. जेल रंग बदललं की भाजून घ्या. कार्ट्रिज उभी ठेवा. लिहायच्या खोलीतली आर्द्रता ८० च्या वर गेली तर ड्राइव्ह त्याच्या मर्यादेबाहेर चालतोय, त्या दिवशी बॅकअप नको. कुरियरने आलेली टेप लगेच घालू नका, २४ तास खोलीच्या हवेला सरावू द्या, नाहीतर आत दव धरतं.

आणि शक्य असेल तर कोल्हापूरचा संचच मुख्य माना, तिथली हवा कोरडी पडते.

निवृत्त_ईडीपी

ड्राइव्हचंही आत्ताच ठरवा. एलटीओ-७ चा ड्राइव्ह तुमच्या एलटीओ-६ टेप वाचतो आणि लिहितोही. एलटीओ-८ मात्र एलटीओ-६ वाचत नाही, तो फक्त एक पिढी मागे जातो. टेप तीस वर्षं टिकेल, ती वाचणारा ड्राइव्ह बाजारातून त्याआधी जाईल. कोल्हापूरचा एलटीओ-७ चालू आहे तोवर पुढच्या पिढीवर प्रत काढायची तारीख समितीच्या इतिवृत्तात लिहून घ्या.

हिंजवडीची_पाळी

आणि ब्लॉक साइझ. तुम्ही २५६ केबीने लिहिता. टारचं स्वतःचं नेहमीचं माप १० केबी. पुढे कोणी काही न सांगता वाचायला गेला तर त्याला 'कॅनॉट अलोकेट मेमरी' असा एरर येईल, आणि रॅम कमी पडली असं समजून तो टेप खराब ठरवेल. कार्ट्रिजच्या लेबलवर लिहा: टार, ब्लॉकिंग फॅक्टर ५१२ (५१२ बाइटचे ५१२ तुकडे, म्हणजेच २५६ केबी), संच क्रमांक, कार्ट्रिज क्रमांक.

दप्तरखाना

लेबल मराठी आणि इंग्रजी दोन्हीत करते. चेकसमची यादी टेपच्या सुरुवातीला वेगळी फाइल म्हणून आणि त्याशिवाय पेन ड्राइव्हवर, चालेल ना?

रशेसवाली

चालेल. पेन ड्राइव्हवर एकट्यावर नको, यादी ईमेलने कोल्हापूरलाही पाठवा, लहानशीच असते. आणि तिकडे एलटीओ-७ वर वाचून झालं की इथे कळवा, मलाही जुन्या एलटीओ-६ चा एक संच तसाच तपासायचा आहे.